उंदराला करमते का?

उंदीर हा पाळायचा प्राणी नव्हे, पळवून लावायचा प्राणी आहे, असे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझे ठाम मत होते. या मतासाठी मला कोणत्याही पुस्तकाचा आधार शोधावा लागला नव्हता. उलट ज्या पुस्तकांत तो सापडला असता, ती पुस्तकेच उंदरांनी खाल्ली होती! एम.ए.च्या परीक्षेच्या आदल्या महिन्यात ज्ञानेश्वरीवरची माझी टिपणांची वही कृष्णाकाठच्या आमच्या जुन्या वाड्यातल्या एका उंदराने कडेकडेने अशी काही कुरतडली की, प्रश्न शिल्लक राहिले आणि उत्तरे तेवढी गेली. त्या पेपरात मला कमी गुण पडले, याचे खापर मी आजतागायत त्या उंदराच्याच डोक्यावर फोडत आलो आहे.

तसे उंदराशी आपल्या सर्वांचेच नाते जरा चमत्कारिक आहे. वर्षातले दहा दिवस गणपतीच्या पायाशी बसलेल्या ज्या उंदराला आपण हळदकुंकू वाहतो, त्याच्याच भाऊबंदांसाठी उरलेले दिवस आपण सापळ्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवून ठेवतो. दहा दिवस मूषकराज आणि एरवी मेला उंदीर! आमच्या घरीही याहून वेगळे काही नव्हते.

पण पाळणे आणि पळवणे यांतले अंतर एका काचेच्या पेटीइतकेच असते, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात कळले. आमची मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या एका मैत्रिणीच्या वडिलांची नागपूरला बदली झाली आणि जाताना ती मैत्रीण आपला पांढरा उंदीर, त्याच्या काचेच्या पेटीसह, मुक्ताच्या हवाली करून गेली. मी कॉलेजातून घरी येतो, तो सांगलीच्या आमच्या तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये दिवाणखान्यातल्या ज्ञानकोशाच्या कपाटाशेजारी ती पेटी विराजमान झालेली! आत गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा, पिंजलेल्या कापसाच्या बोळ्याएवढा प्राणी. तोळ्यात सांगायचे तर जेमतेम तीन तोळे वजनाचा. त्याचे नावही कापूसच ठेवले गेले होते.

"अहो, हा बाहेर तर येत नाही ना?" सौ.ने एवढेच विचारले.

आई मात्र पदर सावरून पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली. वडील गेल्यानंतर मी तिला गावाहून सांगलीला आणले, त्याला तेव्हा वर्ष होत आले होते. "किती टापटिपीनं तोंड पुसतोय बघ," ती म्हणाली आणि चार ज्वारीचे दाणे आणायला स्वयंपाकघरात गेली. माझ्या मताला घरात यापुढे किंमत उरणार नाही, हे त्या चार दाण्यांतच मी ओळखले.

आठवडाभर सर्व काही ठीक चालले होते. मग एका संध्याकाळी, कापूस कागदाच्या घरट्यात अंगाची मोटकुळी करून बसलेला असताना, मुक्ताने मला प्रश्न केला, "बाबा, याला करमत असेल का?"

मी मराठीचा अध्यापक. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी मी तिच्या शब्दातच अडकलो. 'करमणे' हे क्रियापद किती आपले आहे! सुख, आनंद, समाधान, यांपैकी कशानेही त्याचा अर्थ पुरता सांगता येत नाही. पोटाला भाकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, कुणी वावगे बोलत नाही, तरीही माणूस म्हणतो, "करमत नाही." हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले, त्याला 'करमणूक' हे नाव दिले, ते याच शब्दातून निघालेले. पण उंदराला करमते की नाही, हे कसे ओळखावे? तो काही गावाकडे पत्र पाठवून कळवणार नव्हता.

तरी मी चौकशी केली. पुण्याच्या आमच्या मेहुण्यांनी विद्यार्थिदशेत पांढरे उंदीर पाळले होते. त्यांना फोन केला. ते ठामपणे म्हणाले, "एकटा ठेवू नका हो, कुढतो बिचारा. माझे दोन होते, दोन्ही नर. एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचे." झाले! मला एवढेच हवे होते. शिवाय, त्याच रात्री मी मुक्ताला हितोपदेशातल्या हिरण्यकाची गोष्ट सांगितली होती. शंभर तोंडांच्या बिळात राहणारा तो हुशार उंदीर. जाळ्यात सापडलेल्या चित्रग्रीव कबुतराचे पाश तो कुरतडतो, ते पाहून लघुपतनक कावळा त्याच्या मैत्रीसाठी दाराशी येऊन बसतो आणि 'तू भक्षक, मी भक्ष्य' असे म्हणत म्हणत हिरण्यक शेवटी त्याला मित्र करतो. पुढे मंथर कासव आणि चित्रांग हरिण त्यांना येऊन मिळतात. कावळ्याशी जो मैत्री करतो, त्याला दुसऱ्या उंदराशी मैत्री करायला किती वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक काळा उंदीर आणला. मुक्ताने त्याचे नाव बुक्का ठेवले. तो नर की मादी, हे मी दुकानदाराला विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. मेहुण्यांच्या सांगण्यावरून नर असला तरी बिघडत नव्हते. संध्याकाळी दिवे लागल्यावर, आरतीला जमावे तसे आम्ही सगळे पेटीभोवती जमलो आणि मी बुक्क्याला आपल्या हाताने आत सोडले.

दोघांनी एकमेकांना नाकापासून शेपटीपर्यंत हुंगले. कापसाने शेपूट झाडली. ती काचेवर आपटून बारीक टकटक झाली. "टाळी देतोय!" मी म्हणालो आणि मुक्ता हसली.

रात्री अकराच्या सुमाराला पेटीतून चीं चीं असा आवाज येऊ लागला. आई दिवाणखान्यातच निजत असे. ती माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "अरे बाळ, ते भांडताहेत रे. काढ एकाला बाहेर."

"भांडत नाहीत, आई. नवी ओळख आहे, गप्पा चालल्या असतील."

"गप्पांचा आवाज नाही हा," आई म्हणाली. पण मी कूस बदलली. सकाळी आठचे व्याख्यान होते.

पहाटे उठून पाहतो, तो बुक्का पाण्याच्या बाटलीखाली कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. पाठीवरचे आणि शेपटीच्या मुळाशी असलेले केस रक्ताने चिकटलेले. कापूस पेटीच्या मधोमध शांतपणे तोंड पुसत होता. मी बुक्क्याला बुटाच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जखमा धुतल्या, औषध दिले. पण दुपारच्या सुमाराला तो गेला. मुक्ता रडली, पण मला बोल लावला नाही. तिने फक्त विचारले, "आजीनं रात्री सांगितलं होतं ना, बाबा?" विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षकाने मला इतका अवघड प्रश्न कधी विचारला नव्हता.

संध्याकाळी मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना घरी घेऊन आलो. त्यांनी कापसाची शेपटी धरून त्याला अलगद तळहातावर घेतले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "नर आहे. आणि गेला तो?" मी बुक्क्याला अजून पुरले नव्हते. त्यांनी खोक्यात डोकावून मान हलवली. "तोही नरच. अहो सर, दोन अनोळखी प्रौढ नर एका पेटीत घातलेत तुम्ही! दुसरे काय होणार?"

मी मेहुण्यांची साक्ष काढली. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या मेहुण्यांचे पांढरे उंदीर केवढे होते, ते विचारा बरे."

मी फोन केला. मेहुणे म्हणाले, "केवढे म्हणजे? चांगले वीतभर, शिवाय शेपूट वेगळी."

वाचकहो, माझा घात झाला तो एका शब्दाने. आणि तोही मराठी शब्दाने! इंग्रजांजवळ 'रॅट' आणि 'माउस' असे दोन शब्द आहेत. आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो. फार तर एकाला मोठा आणि दुसऱ्याला लहान. त्याहून थोराड ती घूस, आणि चिचुंद्री तर उंदराच्या कुळातलीही नव्हे. मेहुण्यांचे ते रॅट होते, पाव किलोच्या पुढे भरणारे. त्या जातीचे नर बरोबर वाढले, तर बहुधा गुण्यागोविंदाने राहतात. आमचा कापूस हा माउस. शास्त्रीय नाव मुस मस्क्युलस, म्हणजे 'छोटा उंदीर'. लॅटिनमधला हा 'मुस', इंग्रजीतला 'माउस' आणि संस्कृतातला 'मूषक' ही सारी एकाच कुळातली भावंडे, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! व्युत्पत्ती मला ठाऊक होती. ज्याचे ते नाव, तो प्राणी मात्र ठाऊक नव्हता.

त्या संध्याकाळी प्राध्यापकमहाशयांनी मला जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते थोडक्यात असे.

हा छोटा उंदीर माणसाच्या मागे लागला त्याला दहा हजारांहून अधिक वर्षे झाली. माणूस धान्य साठवू लागला आणि हा कोठाराशी वस्तीला आला. त्याच्या राहणीची एक ठरावीक रीत आहे. एका टापूत एक वरचढ नर, त्याच्या आसऱ्याने काही माद्या आणि त्यांची पिल्ले. आपली हद्द तो मूत्राच्या बारीक थेंबांनी आखतो आणि तो वास हीच त्याची कोनशिला, सातबारा आणि दारावरची पाटी. दुसरा नर त्या हद्दीत शिरला की लढाई. मोकळ्या रानात हरलेला पळून जातो. काचेच्या पेटीत पळायला जागा नसते. 'टाळी' म्हणून मी ज्याचे कौतुक केले, ती शेपटीची फडफड म्हणजे युद्धाची नौबत होती!

आणि त्या 'गप्पा'? उंदीर एकमेकांशी बोलतात हे खरे. पण बरेचसे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडतो, उंदरांचे बोलणे त्याच्या कितीतरी वरच्या पट्टीत चालते. मादीचा वास आला की नर त्या पट्टीत चक्क गातो, त्या आवाजात गाण्यासारखी रचना असते, असे २००५ साली अमेरिकेतल्या होली आणि गुओ या दोन संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे उंदराचे गाणे आपल्या कानी पडत नाही. आपल्या कानी पडते ती बहुधा त्याची किंकाळी. आईला हे कुणी शिकवले नव्हते. पण गप्पांचा आवाज कसा असतो, हे तिला माहीत होते.

"मग हा एकटाच राहणारा प्राणी म्हणायचा," मी निष्कर्ष काढला.

"पुन्हा चुकलात," प्राध्यापक म्हणाले. "माद्यांचे अगदी उलट. मादी कधी एकटी ठेवू नये. बहिणी असतील तर उत्तमच. नाही तर लहानपणापासून एकत्र वाढलेल्या दोघी-तिघी. एका घरट्यात, एकमेकींच्या उबेला झोपतात. थंडी लागणारा जीव आहे तो. दोघी एकाच सुमाराला व्यायल्या, तर पिल्ले एकत्र ठेवतात आणि कुणाचे कोणते हे न पाहता दोघी सगळ्यांना पाजतात."

आई दारातच निवडायचे तांदूळ घेऊन बसली होती. "त्यात काय नवल?" ती म्हणाली. "हा तीन महिन्यांचा होता, तेव्हा मला विषमज्वर झाला. दीड महिना थोरल्या जाऊबाईंनीच पाजला याला. एका मांडीवर त्यांचा अण्णा, दुसऱ्या मांडीवर हा. त्यांनी कधी फरक केला नाही हो."

ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. थोरल्या काकींना मी आयुष्यभर ओळखतो ते आईशी रोज एक तरी भांडण करणारी बाई म्हणून! वाड्याच्या दोन चुली झाल्या, तरी अंगण एकच. आणि त्या अंगणात तुळशीला पाणी कुणी घालायचे येथपासून मांजर कुणाचे येथपर्यंत त्या दोघींचा वाद चाले. वडील गेल्यावर आईला सांगलीला आणताना, निदान त्या भांडणातून तिची सुटका झाली, असे मला मनापासून वाटले होते.

आता प्रश्न उरला कापसाचा. हद्द गाजवून विजयी झालेला हा वीर एकटा पडला होता. त्याला दुसरा नर चालणार नव्हता. मादी आणावी तर तीन आठवड्यांत पाळणा हलणार. उंदरीण एकोणीस ते एकवीस दिवसांत विते; एका वेतात सहा-आठ पिल्ले सहज होतात; आणि विल्यावर दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. ती पिल्ले स्वतः सहा आठवड्यांत वयात येतात. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला आणि चौथ्या ओळीला थांबलो. नराची शस्त्रक्रिया करून घ्यावी, काही आठवडे थांबावे आणि मग त्याला माद्यांच्या सोबतीला सोडावे, हा सर्वांत चांगला मार्ग. पण तीन तोळ्यांच्या जिवाला भूल देण्याचे धाडस आमच्या डॉक्टरांना होईना, आणि त्यांच्यामागे लागण्याचे धाडस मलाही झाले नाही. बुक्क्याचा हिशेब माझ्या नावावर होताच.

तेव्हा कापसाने एकटेच राहावे, पण रिकामे राहू नये, असे ठरले. काचेच्या पेटीऐवजी बारीक जाळीचा मोठा पिंजरा आला. त्यात पळायला चाक, लपायला नारळाची करवंटी, कुरतडायला पेरूची फांदी. घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या लागत. त्यासाठी मी माझी वीस वर्षांची व्याख्यानांची जुनी टाचणे काढली. माझ्या टाचणांचा कुणी इतक्या आवडीने स्वीकार केल्याचे हे पहिलेच उदाहरण! पिंजरा धुताना जुन्या घरट्यातली मूठभर पट्टी परत ठेवायची, हेही शिकलो. नाही तर आपला सगळा वास गेला म्हणून तो घाबरतो आणि पुन्हा पहिल्यापासून हद्द आखत सुटतो. रोज संध्याकाळी अर्धा तास मुक्ता त्याला बाहीत घेऊन बसे आणि नंतर हात साबणाने धुई.

वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा पांढरा, रंगीत, हाताला न चावणारा उंदीर निसर्गाने केलेला नाही. तो माणसाने घडवला. जपानात १७८७ साली असे रंगीबेरंगी उंदीर कसे पैदा करावेत, याचे एक पुस्तकच निघाले होते. इंग्लंडात १८९५ साली शौकिनांनी राष्ट्रीय उंदीर मंडळ स्थापन केले. १९००च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅनबी नावाच्या गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप या माजी शिक्षिकेने घरोघरच्या शौकिनांसाठी उंदरांचा मळा काढला. पुढे तिचे उंदीर शास्त्रज्ञ नेऊ लागले. तिच्याच उंदरांपासून १९२१ साली लिटल या शास्त्रज्ञाने काळ्या उंदरांचा एक वंश सिद्ध केला आणि २००२ साली उंदराचा जनुकीय आराखडा प्रथम प्रसिद्ध झाला, तो याच वंशाचा. शाळामास्तरणीच्या उंदरांची ही केवढी मजल! ज्याला आपण आपल्या हौसेसाठी बिळातून बाहेर काढले, त्याला करमते की नाही, हे पाहणे मग आपल्यावरच येते.

हे सारे ज्ञान मी जेवताना घरात वाटत असे. अशाच एका रात्री मी मोठ्या समाधानाने म्हणालो, "आता कापसाला काही कमी नाही. खाणेपिणे आहे, खेळ आहे, आणि सोबतीला आपण चौघे आहोतच."

आई ताटातला घास चिवडत होती. ती सहज म्हणाली, "आहोत रे. पण आपण कुणी उंदीर नाही."

मुक्ता खदखदून हसली. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी पुढचा घास घेतला खरा, पण तो नीट उतरला नाही. आम्ही दोघे नोकरीवर, मुलगी शाळेत. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत या ब्लॉकमध्ये आई आणि कापूस. एकाला चाक होते, दुसरीला दूरदर्शनचा पडदा. तिला मी काय कमी केले होते? औषधे वेळेवर, मऊ गादी, हवे ते जेवण. पिंजराही मोठा होता. पण "अगं, त्या साली महापूर आला तेव्हा" असे वाक्य तिने सुरू केले, तर ते साल ज्याला आठवते असे माणूस घरात एकही नव्हते.

रात्री मी तिला विचारले, "आई, तुला इथं करमत नाही का?"

"करमतं की," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "जाऊबाईंच्या गुडघ्याचं काय झालं कोण जाणे. फोनवर काही सांगत नाहीत धड. समोर असल्या म्हणजे भांडून काढून घेता येतं."

त्या वर्षी आषाढी एकादशीच्या आधी मी आईला गावी पोहोचवले, ते चार महिन्यांसाठी. काकी ओट्यावरच होत्या. "आलीस?" त्या म्हणाल्या. "तुळशीला मी पाणी घातलंय हो आज." आई म्हणाली, "ते दिसतंयच, रोप वाकलंय." मी पिशव्या आत नेऊन ठेवल्या आणि मुकाट्याने सांगलीच्या गाडीत बसलो. तेव्हापासून तिचे चातुर्मासाचे चार महिने गावी आणि आठ महिने आमच्याकडे, असा क्रम पडला आहे.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीकडे उंदरांची वेत झाली. प्राध्यापकमहाशयांनी दोनदा तपासून पाच आठवड्यांच्या दोन बहिणी मुक्ताला आणून दिल्या. कपाळावर काळा ठिपका असलेली टिकली आणि पांढरीशुभ्र चांदणी. त्यांचा पिंजरा वेगळ्या खोलीत ठेवला. त्या दोघींना पाहिले आणि 'करमणे' या शब्दाचा अर्थ मला कोशाशिवाय कळला. एकच करवंटी, तीत एकीवर एक अशा वळकटीसारख्या पडलेल्या. एक उठली की दुसरी उठणार. एकीने दाणा उचलला की पिंजऱ्यात पन्नास दाणे पसरलेले असूनही दुसरीला तोच हवा! कापसाच्या पिंजऱ्यात इतका गोंधळ कधी नव्हता. तोही सुखी होता, पण त्याचे सुख एखाद्या निवृत्त मामलेदारासारखे होते. आपल्या हद्दीवरून रोज रात्री एक फेरी मारायची आणि स्वस्थ झोपायचे. दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष.

यंदाच्या चैत्रात कापूस गेला, वयाने. दोन वर्षे म्हणजे उंदराचे पूर्ण आयुष्य. तो आपल्या घरट्यात, माझ्या टाचणांच्या पट्ट्यांत झोपल्या जागीच गेला. श्रावणात चांदणीला गाठ झाली आणि तीही गेली. टिकली मग करवंटीत जाईना. घरटे मोडले होते, ते तिने बांधले नाही. दाणे पुढ्यात तसेच राहू लागले.

२००६ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात संशोधकांना असे आढळले होते की, शेजारचा उंदीर वेदनेने तळमळताना दिसला, तर पाहणाऱ्या उंदराचे स्वतःचे दुखणेही वाढते. मात्र तो शेजारी ओळखीचा, बरोबर राहिलेला असेल तरच. परक्याच्या दुःखाने त्याचे तसे काही बिघडत नाही. ओळखीचे आणि परके, हा भेद उंदराच्या जगातही आहे. तो भेद मी एकदा न ओळखता एक जीव घालवला होता. म्हणून या वेळी मी घाई केली नाही. दोन लहान माद्या आणल्या, त्या आधी शेजारच्या पिंजऱ्यात ठेवल्या. दोन्हीकडची घरट्याची पट्टी अदलाबदल केली, म्हणजे एकमेकींचा वास ओळखीचा व्हावा. मग कुणाचाच वास नसलेल्या स्वच्छ धुतलेल्या टबात रोज थोडा वेळ तिघींना एकत्र सोडले. मुक्ता आणि मी दोन्ही बाजूंना बसून कान देऊन ऐकत असू. पहिल्या दिवशी एकदा चीं झाली आणि मी तत्काळ टिकलीला उचलले. आठव्या दिवशी तिघी एका करवंटीत झोपल्या. जागा पुरत नव्हती. एकीची शेपूट बाहेर लोंबत होती.

हा लेख लिहीत असताना आई अजून गावीच आहे. कार्तिकी झाल्यावर येईल. काल रात्री मुक्ताने तिला फोन लावला. फराळाचे चालले असावे. झाऱ्याचा आणि कढईचा आवाज ऐकू येत होता.

"आजी, तुला तिथं करमतं का गं?" मुक्ताने विचारले.

"करमायला वेळ कुठं आहे?" आई म्हणाली. "तुझ्या मोठ्या आजीनं चकलीच्या भाजणीत जिरं जास्त घातलंय. आता सगळ्या घाण्याला—"

"जिरं तूच घातलंस!" मागून काकींचा आवाज आला.

त्यानंतर बराच वेळ फोनवर आमच्याशी कुणी बोलले नाही. आम्ही दोघेही कान देऊन ऐकत राहिलो. आता मला तेवढे कळते. तो गप्पांचाच आवाज होता.